रिझर्व्हला आलेली गाडी: टाकीतल्या शेवटच्या दीड लिटरचा हिशेब

मोटारसायकलला मुख्य टाकीखेरीज रिझर्व्हची एक वेगळी, लहान टाकी असते, असा समज अनेक वर्षे गाडी चालवणाऱ्यांमध्येही आढळतो. अपवाद सोडल्यास तसे काही नसते. टाकी एकच असते, पेट्रोलही एकच असते, आणि रिझर्व्ह म्हणजे त्या टाकीतील एका ठरावीक उंचीखाली उरलेले पेट्रोल. माठाची तोटी तळापासून चार बोटे वर बसवलेली असली, की तोटीतून पाणी येणे थांबल्यावरही माठात पाणी शिल्लक राहते. रिझर्व्हची व्यवस्था याच तत्त्वावर चालते, फक्त येथे तळाजवळ दुसरी तोटीही दिलेली असते. एवढी गोष्ट नीट ध्यानात आली, की आपल्या गाडीचे रिझर्व्ह किती, त्यावर किती अंतर जाता येईल आणि पेट्रोल असूनही गाडी का बंद पडते, या प्रश्नांची उत्तरे स्वतःच शोधता येतात. त्यासाठी काय करावे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. मुख्य भर कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) असलेल्या मोटारसायकलींवर आहे, कारण हाताने फिरवायचे रिझर्व्ह त्यांच्यातच असते. इंजेक्शनच्या गाड्या, चारचाकी, डिझेल वाहने आणि सीएनजी रिक्षा यांचा विचार नंतर येईल.

पेट्रोल कॉकच्या आत काय असते

टाकीच्या तळाशी, बहुतेक गाड्यांत मागच्या बाजूला, जो नॉब असतो त्याला गॅरेजमध्ये पेट्रोल कॉक किंवा नुसते कॉक म्हणतात. कॉक टाकीपासून सोडवून पाहिला, तर त्याच्या वरच्या अंगाला एक उभी नळी दिसते. ही नळी टाकीच्या आत काही सेंटिमीटर वर गेलेली असते. नॉब 'ऑन'वर असताना पेट्रोल या नळीच्या वरच्या तोंडातून आत शिरते आणि कार्बोरेटरकडे जाते. टाकीतील पातळी त्या तोंडाच्या खाली उतरली, की पेट्रोल येणे थांबते. याच नळीच्या बुडाशी, टाकीच्या तळालगत, दुसरे छिद्र असते. नॉब 'रिझर्व्ह'वर नेला की ते छिद्र उघडते आणि खाली उरलेले पेट्रोल वाहू लागते. 'ऑफ'वर दोन्ही वाटा बंद होतात.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. पहिली अशी, की रिझर्व्हचे प्रमाण नळीच्या उंचीवर आणि टाकीच्या तळाच्या आकारावर ठरते. म्हणूनच एकाच क्षमतेच्या टाक्या असलेल्या दोन गाड्यांचे रिझर्व्ह सारखे असेलच असे नाही, आणि गॅरेजमध्ये दुसऱ्याच मॉडेलचा कॉक बसवला गेला तर तुमच्या गाडीचे रिझर्व्ह बदलू शकते. जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे फार घडते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. दुसरी गोष्ट अशी, की रिझर्व्हच्या छिद्राखालीही थोडे पेट्रोल उरतेच आणि ते कधीच इंजिनापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे माहितीपुस्तिकेत रिझर्व्हचा आकडा दिलेला असेल, तर तो एकूण उरलेल्या पेट्रोलचा आहे की वापरता येणाऱ्या पेट्रोलचा, हे पाहून घ्यावे.

काही गाड्यांच्या कॉकवर 'ऑफ'ऐवजी 'पीआरआय' अशी अक्षरे असतात. हा व्हॅक्यूमवर चालणारा कॉक होय. इंजिन चालू असताना निर्माण होणारी निर्वात ओढ एका बारीक नळीवाटे कॉकमधील पातळ पडद्यापर्यंत पोहोचते, पडदा मागे खेचला जातो आणि पेट्रोलची वाट उघडते. इंजिन थांबले की वाट आपोआप बंद होते, म्हणून वेगळ्या 'ऑफ'ची गरज उरत नाही. 'पीआरआय' म्हणजे पडद्याला वगळून पेट्रोल थेट सोडण्याची सोय. कार्बोरेटर पूर्ण कोरडा पडला असेल तेव्हा काही क्षणांपुरतीच ती वापरावी आणि नॉब लगेच परत फिरवावा. तो तेथेच राहिला आणि कार्बोरेटरची फ्लोट सुई, म्हणजे त्याच्या वाटीत पुरेसे पेट्रोल आले की वाट बंद करणारी सुई, गळत असली, तर रात्रभरात पेट्रोल जमिनीवर किंवा थेट इंजिनात उतरू शकते. कार्बोरेटरच्या काळातील बिनगिअरच्या अनेक स्कूटरांमध्येही असाच स्वयंचलित कॉक होता, मात्र त्याला रिझर्व्हची सोय नव्हती. तेथे भिस्त फक्त काट्यावर. याउलट आकुर्डीत बनलेल्या जुन्या बजाज चेतकला काटा नसला तरी सीटखाली, पायांच्या मध्ये, हाताने फिरवायचा कॉक होता आणि त्यात रिझर्व्ह होते.

गाडी रिझर्व्हला आली की काय करावे

'ऑन'चे पेट्रोल संपले तरी इंजिन तत्काळ बंद पडत नाही. कार्बोरेटरच्या वाटीत थोडे पेट्रोल साठलेले असते आणि ते संपेपर्यंत गाडी चालते. प्रथम ताकद कमी झाल्यासारखी वाटते, ॲक्सिलरेटर पिळला तरी गाडी वेग घेत नाही, मग झटके बसू लागतात. हे ओळखता आले तर इंजिन बंद पडण्यापूर्वीच नॉब फिरवता येतो.

झटका जाणवताच ॲक्सिलरेटर थोडा सैल सोडावा, आरशात पाहून रस्त्याच्या डाव्या बाजूला यावे आणि त्यानंतरच डावा हात नॉबकडे न्यावा. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत कॉक डावीकडे असतो, जेणेकरून उजवा हात ॲक्सिलरेटर आणि ब्रेकवर राहू शकेल. मात्र नॉब फिरवताना क्लचवर हात नसतो, हे विसरू नये. नॉब कोणत्या दिशेला किती फिरवायचा, हे खाली न पाहता हाताला कळले पाहिजे. गाडी उभी असताना, नजर समोर ठेवून, याचा सराव एकदा करून ठेवावा. सवय नसेल तर चालत्या गाडीवर प्रयत्न न करता गाडी कडेला उभी करावी.

इंजिन बंद पडलेच, तर नॉब रिझर्व्हवर नेऊन दहा-पंधरा सेकंद थांबावे. रिकामी वाटी भरायला तेवढा वेळ लागतो. अनेक जण न थांबता सेल्फ मारत राहतात. त्याने गाडी लवकर सुरू होत नाही, बॅटरी मात्र उतरते. तरीही सुरू झाली नाही तर चोक अर्धा ओढून किक मारावी. दुसऱ्या गाडीला ओलांडताना असा झटका बसला तर प्रसंग गंभीर ठरतो, म्हणून रिझर्व्ह जवळ आल्याचा अंदाज असेल तेव्हा ओव्हरटेक करण्याचा मोह टाळावा. टू-स्ट्रोक गाडीत तर विशेष तत्परता हवी, कारण ज्या गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, त्यांत पेट्रोल तुटले की पिस्टनला मिळणारे वंगणही तुटते. अशा गाडीत वाटेत पेट्रोल भरायचे तर सोबत टू-टी ऑइल असायला हवे, हेही ध्यानात ठेवावे.

पंपावर पेट्रोल भरून झाले की नॉब लगेच 'ऑन'वर आणावा. रिझर्व्हच्या बाबतीत याहून महत्त्वाची सूचना नाही. नॉब रिझर्व्हवरच राहिला तर गाडी काहीच फरक न दाखवता चालत राहते आणि पुढच्या वेळी कोणताही इशारा न देता, तळापर्यंत रिकामी होऊनच थांबते. चावी फिरवण्यापूर्वी नॉबला हात लावून पाहण्याची सवय यावर पुरेशी आहे.

आपल्या गाडीचे रिझर्व्ह मोजणे

शंभर ते सव्वाशे सीसीच्या गाड्यांत रिझर्व्ह साधारणपणे एक ते दोन लिटरच्या दरम्यान असते, परंतु हा अंदाज उपयोगाचा नाही. एक लिटर आणि दोन लिटर यांत पन्नास किलोमीटरचा फरक पडू शकतो. म्हणून ते एकदा मोजून घ्यावे. त्याच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत अचूक आहे, पण तिच्यात उघडे पेट्रोल हाताळावे लागते. हे काम घराबाहेर, मोकळ्या हवेत, इंजिन पूर्ण थंड असताना करावे. जवळपास देवघरातला दिवा, गॅस, विडी-सिगारेट किंवा ठिणगी पडेल असे विजेचे उपकरण नसावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरत जाते, त्यामुळे पायऱ्यांखालची किंवा खोलगट जागा टाळावी. मेन स्टँडवर गाडी सपाट जमिनीवर उभी करावी. साइड स्टँडवर ती डावीकडे झुकते आणि मोजमाप चुकते. टाकीत 'ऑन'च्या पातळीच्या थोडेच वर पेट्रोल असताना हे काम काढावे, म्हणजे फार पेट्रोल उपसावे लागणार नाही.

नॉब 'ऑफ'वर ठेवून कार्बोरेटरकडे जाणारी नळी कार्बोरेटरच्या बाजूने सोडवावी आणि तिचे टोक जमिनीवर ठेवलेल्या धातूच्या डब्यात सोडावे. नळी आखूड असेल तर तिच्या जागी पेट्रोलला टिकणारी लांब नळी जोडावी. आता नॉब 'ऑन'वर न्यावा. पेट्रोल वाहत राहील, धार बारीक होईल आणि थांबेल. शेवटचे थेंब पडेपर्यंत वाट पाहून नॉब 'ऑफ' करावा आणि डबा बाजूला ठेवावा. त्यानंतर दुसरा रिकामा डबा लावून नॉब 'रिझर्व्ह'वर न्यावा आणि धार थांबेपर्यंत येणारे पेट्रोल जमा करावे. हे दुसऱ्या डब्यातील पेट्रोल म्हणजे तुमचे वापरता येणारे रिझर्व्ह. ते मापाच्या भांड्याने मोजावे, आकडा टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवावा आणि बारीक जाळीच्या गाळणीतून पेट्रोल परत टाकीत ओतावे. व्हॅक्यूम कॉक असेल तर इंजिन बंद असताना 'ऑन'वर किंवा 'रिझर्व्ह'वर पेट्रोल येणारच नाही; अशा गाडीसाठी दुसरी रीत वापरावी.

दुसऱ्या रीतीत काहीही उघडावे लागत नाही. गाडी 'ऑन'वर चालवत राहावी आणि ज्या क्षणी ती रिझर्व्हला येईल तेव्हा मीटरवरील किलोमीटर टिपून ठेवावेत. शक्य तितक्या जवळच्या पंपावर जाऊन टाकी फुल्ल करावी. टाकीच्या क्षमतेतून भरलेले पेट्रोल वजा करावे आणि पंपापर्यंत आलेल्या अंतरासाठी खर्च झालेले पेट्रोल त्यात मिळवावे. उदाहरणार्थ, टाकी ११ लिटरची आहे, पंपावर ९.५ लिटर मावले आणि रिझर्व्ह लागल्यापासून पंपापर्यंत ५ किलोमीटर अंतर पडले. लिटरला ५० किलोमीटरचे ॲव्हरेज धरले तर त्या ५ किलोमीटरना ०.१ लिटर लागले. म्हणजे रिझर्व्ह १.५ अधिक ०.१, म्हणजे १.६ लिटर. या रीतीत अडचण एवढीच, की कंपनीने छापलेली क्षमता आणि झाकणाच्या कडेपर्यंत प्रत्यक्ष मावणारे पेट्रोल यांत फरक असू शकतो, शिवाय तळाचे न वापरता येणारे पेट्रोलही या आकड्यात धरले जाते. म्हणून आलेल्या उत्तरातून पाव लिटर कमी धरणे शहाणपणाचे.

मोजमापासाठी टाकी काठोकाठ भरण्याचा आग्रह मात्र धरू नये. पेट्रोल उष्णतेने प्रसरण पावते. १० लिटर पेट्रोल २० अंश सेल्सियसने तापले तर सुमारे २०० मिलिलिटरने वाढते. पंपाच्या भूमिगत टाकीतून आलेले गार पेट्रोल एप्रिलच्या उन्हात उभ्या गाडीत एवढे सहज तापते आणि जागा न मिळाल्यास झाकणातून बाहेर येते. पंपाचे नोझल आपोआप बंद पडले की तेथे थांबावे.

लिटरांवरून किलोमीटर काढताना

दीड लिटर गुणिले पन्नास म्हणजे पंचाहत्तर किलोमीटर, हे गणित कागदावर बरोबर आहे. रस्त्यावर त्यावर विसंबू नये, कारण ॲव्हरेजचा आकडा आपण बहुधा चांगल्या रस्त्यावरचा, एकट्याने चालवलेला लक्षात ठेवतो. मागे माणूस बसलेला, समोरून वारा, टायरमध्ये हवा कमी आणि दुसऱ्या गिअरमध्ये चढायचा घाट असला, तर तीच गाडी लिटरला पस्तीसही देईल. मोजलेल्या रिझर्व्हला नेहमीच्या ॲव्हरेजने गुणून आलेल्या अंतराच्या साठ टक्के अंतरच आपले समजावे, असा माझा हिशेब आहे. पंचाहत्तर किलोमीटरच्या जागी पंचेचाळीस. यात काहींना अति सावधपणा वाटेल. ताम्हिणी किंवा वरंधा घाटात संध्याकाळी गाडी ढकलण्यापेक्षा तो स्वस्त पडतो. अशा रस्त्यांवर रिझर्व्हचा विचार करण्याची वेळच येऊ नये, घाटात शिरण्याआधीच्या मोठ्या गावात टाकी भरून घ्यावी, हे वेगळे सांगायला नको. नव्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलची प्रतिलिटर ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी असल्याने ॲव्हरेज किंचित घटते. जुन्या नोंदींवरून हिशेब करणाऱ्यांनी आकडा पुन्हा तपासून घ्यावा.

उताराचाही परिणाम होतो. कॉक टाकीच्या मागच्या भागात असेल तर चढावर पेट्रोल मागे सरकून कॉकपाशी जमते आणि उतारावर ते पुढे धावते. त्यामुळे घाट चढताना व्यवस्थित चाललेली गाडी पलीकडे उतरताना अचानक झटके देऊ लागते आणि सपाटीवर आली की पुन्हा ठीक होते. हे कार्बोरेटरचे दुखणे समजून अनेकांनी गॅरेजला पैसे दिले असतील. प्रत्यक्षात पेट्रोल 'ऑन'च्या नळीच्या तोंडापाशी आलेले असते, एवढाच त्याचा अर्थ.

मोटारसायकलची टाकी फ्रेमच्या मधल्या नळीवर खोगिरासारखी बसते, त्यामुळे तिच्या तळाला मध्ये उंचवटा आणि दोन्ही बाजूंना खोल भाग असतो. कॉक एका बाजूला असतो. पातळी उंचवट्याखाली गेली, की दुसऱ्या बाजूचे पेट्रोल तेथेच अडकते. काही टाक्यांत दोन्ही भाग जोडणारी नळी खालून दिलेली असते, अनेकांत नसते. नसेल आणि रिझर्व्हही संपले असेल, तर पुढील उपाय करून पाहावा: इंजिन बंद करून टाकीचे झाकण घट्ट आहे याची खात्री करावी, दोघांनी मिळून गाडी कॉकच्या बाजूला बरीच झुकवावी, काही क्षण तशीच धरावी आणि सरळ करावी. पलीकडचे पेट्रोल उंचवटा ओलांडून कॉकच्या बाजूला येते. यातून दोन-चार किलोमीटरांची सोय होऊ शकते. जड गाडी एकट्याने झुकवू नये.

उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी सोडून देण्याची सवय मात्र घातक आहे. गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला तरी खर्च अत्यल्प होतो आणि इंजिनाचा ब्रेक मिळतो. चारचाकीत तर इंजिन बंद होताच ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात.

पेट्रोल असूनही गाडी थांबली तर

टाकीत पेट्रोल आहे, नॉब रिझर्व्हवर नेला, तरीही गाडी पेट्रोल संपल्यासारखीच वागते, असे झाल्यास प्रथम टाकीचे झाकण उघडावे. उघडताना हवा आत ओढली गेल्याचा फुस्स आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले आहे. पेट्रोल बाहेर जाताना तेवढी हवा आत यावी लागते. ती आली नाही तर टाकीत ओढ निर्माण होऊन प्रवाह थांबतो. धुळीच्या रस्त्यांवर हे नेहमी होते आणि टाकीवर घट्ट कव्हर किंवा सामानाची बॅग बांधल्यानेही होते. छिद्र बारीक तारेने किंवा हवेने साफ करावे.

आवाज आला नाही, तर कार्बोरेटरजवळची नळी सोडवून रिझर्व्हवर धार येते का ते पाहावे. धार जोरात असेल तर दोष पुढे, कार्बोरेटरमध्ये किंवा प्लगमध्ये आहे. थेंब थेंब येत असेल तर कॉकची जाळी कचऱ्याने भरली आहे. व्हॅक्यूम कॉकच्या गाडीत ही तपासणी 'पीआरआय'वर करावी, आणि तेथे धार येत असूनही इंजिन पेट्रोलविना बंद पडत असेल, तर व्हॅक्यूमची बारीक नळी फाटली आहे का ते पाहावे.

'ऑन'वर नीट चालणारी गाडी रिझर्व्हवर येताच अडखळू लागली, तर तळात पाणी किंवा गाळ आहे. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने खाली बसते आणि 'ऑन'ची नळी त्याला स्पर्शच करत नाही. ते महिनोन्‌महिने तेथे राहते, टाकीला आतून गंज चढवते आणि नेमके गरजेच्या वेळी इंजिनात जाते. म्हणून रिझर्व्ह कधीच वापरू नये हा सल्ला मला पटत नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा, पंप जवळ असताना, मुद्दाम रिझर्व्हवर थोडे अंतर चालवावे; तळाचे पेट्रोल बदलते आणि छिद्र मोकळे असल्याची खात्रीही होते. कोकणातल्या पावसात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. टाकीत बसलेल्या सपाट झाकणाभोवतीच्या खाचेत पाणी साचू नये म्हणून एक छिद्र असते आणि तेथून पाणी एका नळीने खाली जाते. ते छिद्र मातीने बुजले, की साचलेले पाणी झाकणाच्या रबरातून टाकीत झिरपते. पावसाळ्यापूर्वी तेथे थोडे पाणी ओतून ते खालून बाहेर पडते का, हे तपासावे.

कॉक साफ करण्याची रीत

अनेक कॉकच्या तळाशी एक छोटी वाटी असते. गाळ आणि पाणी तेथे जमते. नॉब 'ऑफ' करून ही वाटी योग्य मापाच्या पान्याने सोडवावी, पेट्रोलने धुवावी, आतली जाळी आणि रबरी रिंग पाहावी आणि परत बसवावी. रिंग कडक झाली असेल तर नवी घालावी. जुन्या रिंगवर वाटी अधिक आवळून गळती थांबत नाही, वाटीचे आटे मात्र जातात. वाटीत तांबूस चिखल सापडला तर टाकी आतून गंजली आहे आणि पूर्ण कॉक काढण्याची वेळ आली आहे.

त्यासाठी वर सांगितल्याप्रमाणे टाकी पूर्ण रिकामी करावी, कॉकचे स्क्रू किंवा बोल्ट आळीपाळीने सैल करावेत आणि कॉक सरळ खाली ओढावा. तिरका ओढल्यास उभी नळी किंवा तिच्यावरची जाळी तुटते. जाळी मऊ ब्रशने साफ करावी, दोन्ही छिद्रांतून हवा मारावी, बसवताना टाकी आणि कॉक यांच्यामधली रिंग नवीच वापरावी. थोडे पेट्रोल टाकून नॉबच्या प्रत्येक स्थितीत गळती आणि धार तपासल्याशिवाय टाकी भरू नये. नॉब 'ऑफ' असूनही थेंब येत असतील तर आतला रबरी वॉशर झिजला आहे. गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल, किंवा रेल्वेने पार्सल करण्यासाठी टाकी रिकामी करायची असेल, तेव्हा हा कॉक धड असण्याचे महत्त्व कळते.

इंजेक्शनच्या गाड्या आणि चारचाकी

१ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरावरील बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या दुचाकी जवळजवळ सर्वच फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. त्यांच्यात पेट्रोलचा पंप टाकीच्या आतच बसवलेला असतो, नॉब नसतो आणि रिझर्व्ह म्हणजे केवळ मीटरवरचा दिवा किंवा लुकलुकणारी शेवटची पट्टी. हा दिवा पेट्रोल अडवून ठेवत नाही. तो फक्त सांगतो, आणि दुर्लक्ष केल्यास इंजिन एकदम थांबते. शिवाय पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असल्यानेच थंड राहतो. टाकी वारंवार तळापर्यंत नेली तर पंप गरम होतो, हवा ओढतो आणि त्याचे आयुष्य घटते. नवा पंप बरेच दिवस पुरेल एवढ्या पेट्रोलच्या किमतीचा असतो.

अशा गाडीचे रिझर्व्ह मोजायचे तर दुसरी रीतच वापरावी, मात्र गाडी बंद पडेपर्यंत चालवू नये. दिवा लागला की किलोमीटर टिपावेत, पंपावर टाकी भरावी आणि क्षमतेतून वजाबाकी करावी. हे दोन-तीन वेळा केले की दिवा किती पेट्रोल उरले असता लागतो, ते कळते. काटा आणि दिवा टाकीतील तरंगत्या फ्लोटवर चालतात, त्यामुळे चढ-उतारावर आणि साइड स्टँडवर ते वेगळे दाखवतात. चारचाकीच्या पडद्यावर दिसणारे 'उरलेले अंतर' मागच्या काही काळातील ॲव्हरेजवरून काढलेले असते. महामार्गावरून आल्यानंतर दाखवलेले ऐंशी किलोमीटर शहरातील कोंडीत ऐंशी राहत नाहीत. समृद्धी महामार्गासारख्या लांबलचक द्रुतगती मार्गावर जाताना हा आकडा शंभरच्या खाली येऊ देऊ नये.

डिझेल वाहन मात्र कधीही कोरडे पडू देऊ नये. पेट्रोलची गाडी इंधन घातले की थोड्या वेळात चालू होते, डिझेलच्या नळ्यांत हवा शिरली की ती काढावी लागते. ट्रॅक्टर आणि जुन्या वाहनांत पुरेसे डिझेल घालून फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा, हातपंप मारत राहावे, बुडबुडे थांबून अखंड डिझेल आले की स्क्रू आवळावा आणि पंप कडक लागेपर्यंत दाबावा. नंतर थोडा-थोडा वेळ, मध्ये विश्रांती देत, स्टार्टर मारावा. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे एका सामाईक नळीतून उच्च दाबाने डिझेल पुरवणाऱ्या नव्या इंजिनात, याहून पुढे जाऊ नये. त्याच्या उच्चदाबाच्या नळ्यांत १००० बारहून अधिक दाब असतो आणि सैल केलेल्या जोडातून उडालेली धार कातडीत शिरते.

वाटेत कोणत्याही वाहनातील इंधन पूर्ण संपलेच, तर पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल आणण्याचा मार्ग टाळावा. पंपावर ते सहसा देतही नाहीत आणि त्यामागचे कारण योग्य आहे. घट्ट झाकणाचा, इंधनासाठीच बनवलेला डबा वापरावा किंवा विमा कंपनीच्या रस्त्यावरील मदतीचा क्रमांक लावावा. अनेक पॉलिसींत इंधन पोहोचवण्याची सोय असते आणि ती आपल्याकडे आहे, हेच ठाऊक नसते.

जेथे रिझर्व्ह खरोखर वेगळे असते

चारचाकीतही हाताने, किंबहुना पायाने, वळवायचे रिझर्व्ह एके काळी होते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या फोक्सवॅगन बीटलमध्ये पेट्रोलचा काटाच नसे. इंजिन अडखळले की चालक पायाजवळचा खटका फिरवी आणि त्यातून सुमारे ५ लिटर पेट्रोल मोकळे होई. तेथेही टाकी एकच होती.

वेगळी टाकी पाहायची असेल तर आपल्या शहरातली सीएनजी रिक्षा पाहावी. मुंबई-पुण्यात धावणाऱ्या या रिक्षांत गॅसच्या सिलिंडरखेरीज दोन-तीन लिटरची छोटी पेट्रोल टाकी असते, गॅस संपला तर पंपापर्यंत जाण्यापुरती. सीएनजी कारमध्ये तर पेट्रोलची पूर्ण टाकीच राखीव ठरते. दोन्ही ठिकाणी पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहते, हीच अडचण. जुन्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, इथेनॉल हवेतील ओल शोषते, आणि गॅसच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी बटण दाबले की इंजिन धड सुरू होत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी काही किलोमीटर पेट्रोलवर चालवावे आणि टाकीत थोडे थोडे ताजे पेट्रोल घालत राहावे. कारमध्ये पेट्रोलची पातळी पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नये, कारण अनेक गाड्यांत इंजिन सुरू होताना प्रथम पेट्रोलच वापरले जाते आणि पंप त्याच टाकीत बुडालेला असतो.